बॅटरीवरचं कुंकू

विचारलं असतं तर चिमणाबाईंनी नाहीच म्हटलं असतं, आणि ते पक्कं ठाऊक असल्यामुळे भक्तीनं विचारलं नाही. राग होता तो ह्याचा. सुनेनं सासूचं 'नाही' मनातल्या मनात ऐकून घ्यावं, त्याला मनातल्या मनात उत्तर द्यावं आणि काम उरकून मोकळं व्हावं, मग सासूनं बोलायचं कधी? खंडेनवमीच्या सकाळी चिमणाबाई न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून देवाच्या खोलीत आल्या. पाटावर तलवार, कट्यार, ढाल, भाल्याचं पातं, आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः तेलाचा बोळा फिरवून ठेवलेलं सगळं जागच्या जागी होतं. आणि पाटाच्या खालच्या अंगाला, भिंतीला पाठ लावून, मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या रांगेत बसल्या होत्या. काळ्या, ठेंगण्या, डोक्यावर दोन-दोन आखूड शिंगं. न बोलावता पंगतीला येऊन बसलेली माणसं वाढप्याची नजर चुकवतात, तशा.

"ही कुणाची वरात आणून बसवलीस?"

"खंडेनवमीला ज्याच्यावर आपण जेवतो त्याची पूजा करायची. तुम्हीच सांगता ना, माईसाहेब."

"मी तलवारीचं सांगते."

"तलवारीवर ह्या घरात एवढ्यात कोण जेवलंय?" भक्ती म्हणाली आणि झेंडूची टोपली ठेवून निघून गेली. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. तिच्या ह्या सरळ तोंडाचाच चिमणाबाईंना संताप येई. भांडायला आलेली बाई परवडते, तिला दोन शब्द सुनावता येतात. ही नुसती टाचणी टोचून जाणार, आणि रक्त आलं का ते बघायलाही थांबणार नाही.

रणनवऱ्यांचं टेनामेंट, इकडे बैठ्या घराला म्हणतात तसं, फतेगंजच्या मागच्या अंगाला, लष्कराच्या लाइनीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी तिकडचा बिगुल ऐकू येतो तेव्हा चिमणाबाईंचा कणा अजून आपोआप ताठ होतो, जणू तो बिगुल ह्याच घरासाठी वाजतो. पुढे मोटार लावायला शेड आहे. मोटार काही आली नाही. मोटारींच्या बॅटऱ्या तेवढ्या आल्या. करोनाच्या साली सगळं बंद पडलं, बाजव्याला रिफायनरीकडे ठेकेदाराच्या हाताखाली असलेला त्यांचा मुलगा पृथ्वीराज घरी बसला, आणि त्याच दिवसांत गल्लीतल्या प्रोफेसरांच्या, पेन्शनीतल्या कर्नलच्या गाड्या झाडाखाली उभ्या राहून राहून मुक्या झाल्या. चावी फिरवली की नुसतं टकटक. लोकांनी बॅटऱ्या भंगारात घातल्या. भक्तीनं त्या भंगारवाल्याकडून वजनावर उचलल्या. लग्नाआधी ती मामाच्या बॅटरीच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, हे चिमणाबाईंनी सोयरिकीच्या वेळी ऐकलं होतं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. "ह्या मेलेल्या नाहीत माईसाहेब," ती म्हणाली होती, "नुसत्या वापरल्या गेल्या नाहीत. हळूहळू चार्ज केल्या की उठतात." आणि उठल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. उठलेल्या रिक्षावाल्यांना, खेड्यातल्या शेतकऱ्यांना विकायच्या आणि खरोखरच मेलेल्या शिशासाठी परत पाठवायच्या. पृथ्वीराजला पुन्हा काम लागलं तरी शेडमधला चार्जर काही बंद झाला नाही. दिवसभर गुंगुं करतो. साडीचा पदर खोचून, नवऱ्याचे रबरी हातमोजे चढवून रणनवऱ्यांची सून शेडपुढच्या ओट्यावर उभी राहते आणि किती हव्यात ते फोनवर गुजरातीत विचारते, "हा बोलो ने भाई, केटली जोईये?" ज्या घराण्यानं सरकारी पागेत स्वतःचा घोडा घेऊन चाकरी केली, सरकारचा घोडा ज्यांनी कधी मांडीखाली घेतला नाही, त्या घराण्याची सून.

तरी एक होतं, आणि ते चिमणाबाई कुणापाशी बोलल्या नसत्या. त्यांना त्या डब्यांचं कुतूहल होतं. दुपारी भक्ती पडलेली असली की त्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसत, गहू निवडायचं निमित्त करत आणि बघत राहत. बघण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. डबा बसलाय, त्याला दोन चिमटे लावलेत, आणि चिमट्यांतून काहीतरी आत जातंय. एकदा त्यांनी न राहवून विचारलं होतं, "भरली म्हणजे जड होत असेल?" भक्ती म्हणाली, "नाही. भरली काय नि रिकामी काय, वजन तेवढंच." हे उत्तर त्यांच्या दातात सुपारीच्या तुकड्यासारखं अडकून राहिलं. घागर भरली की जड होते, पोट भरलं की माणूस जड होतो, पिशवी, पेव, ढग, सगळं भरलं की जड होतं. मग हिच्यात भरतं ते आहे तरी काय? यजमान, प्रतापराव, गेले तेव्हा त्यांना उचलणारे पुतणे म्हणाले होते, काकासाहेब हाडकुळे, पण अंगापेक्षा जड लागले. चिमणाबाईंना तेव्हा ते मानाचं वाटलं होतं. आता शेडमध्ये बसून त्यांना वाटे, सकाळी चहा मागणारा माणूस आणि दुपारी तिरडीवरचा माणूस, वजन तेवढंच असणार. मग गेलं ते काय होतं, कुठल्या शिंगातून गेलं आणि चिमटे लावणारं कुणी वेळेवर का भेटलं नाही? मग गव्हातला खडा बोटाला लागे आणि त्या भानावर येऊन भक्तीच्या नावानं काहीतरी पुटपुटत. पुटपुटलं की बरं वाटे.

तर त्या दिवशी बॅटऱ्या उचलून बाहेर फेकणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. एकेक डबा म्हणजे वाण्याकडची गुळाची ढेप. त्यांनी दुसरा मार्ग काढला. तलवारीच्या पंगतीला बसायचं तर अंघोळ करून बसा. पाण्याचं तपेलं घेतलं, प्रतापरावांच्या जुन्या धोतराचं फडकं घेतलं आणि पाटाशेजारी बैठक मारून एकेकीला वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. कुणावर ग्रीसचे डाग, कुणावर मातीचे ओघळ, कुणावर खडूच्या रेघोट्या, कुणाच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. पूजेच्या कामाला दुसऱ्याचा हात त्यांना चालत नसे, आणि पुसताना त्यांच्या लक्षात आलं की आपण नातवंडाचं तोंड पुसावं तशा खसखसून पुसतोय, जरा रागानं, जरा मायेनं. बोटं चुणचुणली. म्हातारपणाची कातडी, आणखी काय. मग तलवारीला हळद-कुंकू, कट्यारीला, ढालीला, आणि शेवटी पुढच्या अंगाला खाली, जमिनीलगत, एकेका बॅटरीला एकेक बोट. वर शिंगांपाशी नको, असं भक्तीनं दारातूनच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवून ऐकलं होतं. झेंडूच्या माळा घातल्या. "आता दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. भक्ती "बरं" म्हणाली. उद्या पादरा गावाहून माणूस माल न्यायला यायचाय एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली.

दसऱ्याच्या सकाळी निरांजन घेऊन चिमणाबाई आत आल्या आणि चौथ्या की पाचव्या बॅटरीपाशी त्यांचा हात हवेतच राहिला. कुंकू पिवळं झालं होतं. बाकी सगळ्यांच्या कपाळी काल लावलेलं तसंच लालभडक, आणि हिच्या कपाळी पिवळं, मळकं, खाली ओघळ आलेलं.

कुंकू उतरणं म्हणजे अपशकुन. पहिला विचार पृथ्वीराजचा. तो बाजव्याला, पहाटेच्या शिफ्टला. तिकडे त्या चिमण्या, ते पाईप, तो वास. त्या झटकन मागे वळल्या. भक्ती दारात रांगोळीचा ठिपका ठेवत होती आणि तिच्या कपाळावर चिकटवायची टिकली होती, जागच्या जागी, मरून रंगाची. हिच्या टिकलीचा काय भरवसा, ही तर बाजारातून पाकिटानं येते. पण हे पाटाखालचं कुंकू बाजाराचं नव्हतं. ते चिमणाबाई दर वर्षी घरी करत. देवासला त्यांच्या माहेरी आई करायची तसं: हळदीची पूड परातीत, चुन्याची निवळी थेंबथेंब, आणि तळहातानं मळत राहायचं. लहानपणी त्या परातीला नाक लावून बसत. पिवळी पूड आईच्या हाताखाली एका क्षणी लाल होई, आणि तो क्षण पकडायचा म्हणून त्या डोळे फाडून, पापणी न हलवता बघत. पापणी हलायचीच आणि लाल झालेलं असायचं. कसं होतं, विचारलं तर आई म्हणे, "होतं तसं. हळदीच्या पोटात असतं." चौथीत त्यांचं नाव शाळेतून काढलं तेव्हा त्यांना शाळेचं दुःख झालं नाही; गुरुजींना हे विचारायचं राहिलं एवढंच वाटलं. प्रतापराव गेल्यावर जावेनं त्यांचं कपाळ पुसलं, ओल्या फडक्यानं, दोन वेळा, कारण पहिल्यांदा डाग राहिला. त्यानंतर त्यांनी कपाळाला लावलं नाही पण करायचं सोडलं नाही. खंडेनवमी आली तेव्हा तीच जाऊ म्हणाली होती, विधवेच्या हातचं कुंकू तलवारीला कसं चालेल? चिमणाबाई म्हणाल्या होत्या, "तलवारीनं आजवर किती बायकांची कपाळं पुसली, ते तिला विचार आधी. तिला चालत असेल तर मला चालतंय." त्यानंतर त्या घरात हा प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

आणि आता हे. लाल होताना कधी सापडलं नाही ते उलट्या पावली परत गेलं होतं, लालाचं पिवळं. भीती होती, पण भीतीच्या बुडाशी दुसरंच काहीतरी चाळवलं होतं, आणि ते देवासच्या परातीपाशी बसलेल्या पोरीचं होतं. चिमणाबाईंनी निरांजन खाली ठेवलं. चोरट्यासारखं मागं बघितलं. बोट लावलं. ओलं. नाकाशी नेलं: तापलेल्या खिळ्याचा वास, आणि त्याच्यामागं काहीतरी आंबट, चिंच लावून तांब्याची भांडी घासताना येतो तसलं. कालच्यासारखंच बोट चुणचुणलं. आंबट. त्या उठल्या, गुडघ्याची कळ विसरून, आणि स्वयंपाकघरात गेल्या. ताटलीत चिमूटभर कुंकू घेतलं, लिंबू चिरलं, पिळलं. कुंकू पिवळं पडलं. त्यांच्या डोळ्यांदेखत, इतकं सरळ, इतकं निर्लज्जपणे, की त्यांना हसू फुटलं. मग पानाच्या डब्यातला चुना बोटानं त्यात कालवला. लाल. पुन्हा लिंबू. पुन्हा चुना. पापणी हलली तरी काही बिघडत नव्हतं, आता हवं तितक्यांदा करून बघता येत होतं. एक अख्खं लिंबू संपलं. एवढ्या साठ-सत्तर वर्षांत ह्या घरात लिंबं किती चिरली, चुना किती खाल्ला, कुंकू किती केलं आणि ही तीन माणसं एकमेकांना कधी भेटवली नाहीत! "काय शोधताय माईसाहेब?" बाहेरून भक्तीनं विचारलं. "तुझं डोकं," त्या म्हणाल्या आणि ताटली नळाखाली धरली.

म्हणजे त्या डब्याच्या पोटात आंबट पाणी असतं, आणि एका डब्याच्या पोटातलं बाहेर पाझरतंय. तडा. केसाएवढा असेल, डोळ्याला न दिसणारा. अपशकुन गेला, पृथ्वीराजवरचं सावट गेलं. मन मोकळं होईल असं वाटलं, तर त्या मोकळ्या जागेत दुसरा विचार शिरून पाय पसरून बसला. हा माल आज पादऱ्याला चाललाय. सगळाच्या सगळा. ही फुटकी बॅटरीही त्यातच. मग भक्तीला हे माहीत आहे की नाही?

उदयसिंहराव, चिमणाबाईंचे सासरे, संस्थान गेलं, पागा मोडली, तेव्हा मागं राहिलेले आणि इकडून तिकडून आलेले घोडे विकत. गिऱ्हाईक टांगेवाले. नवी नवरी चिमणाबाई जुन्या घराच्या वरच्या खिडकीतून बघत. घोड्याच्या बाजारात लबाडी कुणाला नवी नव्हती. म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीनं घासून तरणा करत, लंगडणाऱ्याला आधी चालवून गरम करून आणत. उदयसिंहरावांची रीत वेगळी. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा हात धरायचा आणि जनावराच्या खोडीवर नेऊन ठेवायचा. गुडघा सुजका असेल तर गुडघ्यावर, खूर चिरलेला असेल तर खुरावर. "इथं आहे बघ," एवढंच म्हणायचं. मग खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. खोडीवर हात आधी, रुमालाखाली हात मग. एक घोडी होती, चांदीसारखी, दृष्ट लागावी अशी, बघणारा टांगेवाला वेडा झाला होता. सासऱ्यांनी त्याचा हात तिच्या गळ्यावर ठेवला. "उन्हाळ्यात सोनं आहे. थंडीत धापते." टांगेवाला गेला. ती घोडी हिवाळाभर दाणा खात उभी राहिली आणि सासूबाई हिवाळाभर बोलत राहिल्या. खिडकीतल्या नवरीला तेव्हा काय वाटलं होतं, ते आठवत नाही. पण पुढे तिनं ही गोष्ट घराण्याचं नाव म्हणून जपली, आल्यागेल्याला सांगितली, भक्तीला तर इतक्यांदा सांगितली की अलीकडे भक्ती ऐकता ऐकता चार्जरचे चिमटे लावत असे आणि गोष्ट संपली की "हो का" म्हणत असे. त्या "हो का"नं चिमणाबाईंचं पित्त खवळे. ऐकलंच नाही मेलीनं, त्यांना वाटे. कानांवरून पाणी गेलं.

भक्तीला विचारायचं? विचारलं की उत्तर मिळणार, आणि उत्तरं देण्यात ती पटाईत. चिमणाबाईंना उत्तर नको होतं. ती एकटी असताना काय करते ते बघायचं होतं, जसं देवासच्या परातीत बघायचं होतं: हात न लावता, पापणी न हलवता. तलवार उतरवायच्या निमित्तानं त्यांनी खुर्ची दारात ओढली आणि बसल्या. पृथ्वीराजचा फोन येऊन गेला, संध्याकाळी सोनं वाटायला वेळेवर येतो म्हणाला. भक्तीनं हातमोजे चढवले, माळा उतरवल्या, एकेक बॅटरी कमरेवर लहान मूल घ्यावं तशी घेऊन शेडमध्ये नेऊन ठेवली आणि ओला बोळा घेऊन सगळ्यांवरचं कुंकू पुसलं. लाल पुसलं तसं पिवळंही पुसलं. थांबली नाही, बघितलं नाही, हातात एक ठेका होता त्या ठेक्यातच पुसून पुढे गेली.  एवढ्या सहजपणे पुसतात? जावेला तरी दोनदा पुसावं लागलं होतं.

मग भक्ती रांगेच्या ह्या टोकापासून त्या टोकाला गेली. प्रत्येकीचा माथा बघितला. पुन्हा आली. वाकून बाजू बघितल्या. मीटरचे चिमटे एकेकीला लावले, काटा बघितला, मान हलवली, समाधान झाल्यासारखी नव्हे. एकदा तिनं वर बघितलं तेव्हा दोघींची नजर भेटली आणि भक्तीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. हिशेब चाललाय, चिमणाबाईंना वाटलं, कुठली खपवायची त्याचा. त्यांचं तोंड कडू झालं. आपण आजवर हिला उद्धट म्हटलं, आतल्या गाठीची म्हटलं, भंगारवाली म्हटलं. लबाड कधी म्हटलं नव्हतं. शिव्यांच्या त्या पोतडीत तो एकच शब्द त्यांनी वापरला नव्हता, आणि तो वापरायची वेळ आलीच तर त्यानंतर ह्या घरात बोलण्यासारखं काय उरेल, हे त्यांना समजेना. पृथ्वीराज दिवसभर बाहेर. ह्या शेडमध्ये, ह्या गुंगुं आवाजात, दिवसच्या दिवस ह्या दोघीच.

टेम्पो घेऊन जशुभाई आला. पादऱ्याकडचा पटेल, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. त्याच्या शेतांभोवती तारा आहेत, तारांना झटका मशीन, आणि मशीनला बॅटरी लागते. रानडुकराचं नाक तारेला लागलं की एक झटका आणि डुक्कर मागल्या पावली. नव्या बॅटरीचे पैसे शेतात कोण टाकतो, जुनी चालते. त्याच्या भावांना, शेजाऱ्यांनाही हव्या होत्या. हा माल पसंत पडला तर पादऱ्याकडची आठ-दहा शेतं ह्या ओट्यावर येणार, हे भक्तीनं पृथ्वीराजला सांगताना चिमणाबाईंनी ऐकलं होतं.

"जय माताजी, बा!" गुजरातीत आईला 'बा' म्हणतात तशी हाक मारत त्यानं चिमणाबाईंच्या हातात पुडकं दिलं. "फाफडा-जलेबी. गरम छे."

"बस बाबा. दुकानापुढे लाइनीत उभा राहिला होतास की तुझं पोट बघून लोकांनी वाट दिली?"

जशुभाई खदाखदा हसला, आणि टेम्पोचं फळकं पाडत म्हणाला, "चालो रणनवरे बेन, चढावो."

भक्तीनं हातमोजे काढले. चिमणाबाईंनी पुडक्याची गाठ सोडता सोडता कान टवकारले.

"जशुभाई, आजे नहीं," भक्ती म्हणाली. "आमां एक लीक छे. कई छे, ए अत्यारे खबर नथी."

"एटले?"

म्हणजे असं, की एकीच्या बुडाला बारीक चीर आहे. मीटरवर ती कळत नाही. रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवली तर सकाळी ओल दिसते. तशीच परवा सापडली होती आणि भक्तीनं तिच्यावर खडूची फुली मारून ठेवली होती, शिशात द्यायची म्हणून. आता फुली नाही, त्यामुळे ती कोणती ते कळत नाही. आज रात्री सगळ्या पुन्हा कागदावर ठेवते, उद्या सकाळी तिला बाजूला काढून बाकीच्या नेऊन देते.

"काले?" उद्यावर मुहूर्त हुकणार म्हणून जशुभाईचा आवाज चढला. "काले मुहूर्त क्यांथी लावुं, बेन? दसेरा आजे छे! डुक्कर तो आजे पण आवशे." आणि मग, जरा चिडून, "फुली गई क्यां? कोणे भूंसी?"

"पुसली गेली," भक्ती म्हणाली. मराठीत. जशुभाईकडे बघून नाही आणि चिमणाबाईंकडे बघूनही नाही. हातातल्या रबरी मोज्याचं बोट उलटं झालं होतं, ते सरळ करत. "पुसली गेली कशानं तरी."

अंगणात दोरीवर प्रतापरावांच्या धोतराचं फडकं वाळत होतं. काल धुऊन चिमणाबाईंनीच घातलं होतं. त्याला आज बारीक बारीक भोकं पडली होती, चाळणीसारखी, आणि त्या भोकांतून पलीकडचं ऊन दिसत होतं. कुणावर ग्रीस, कुणावर माती, कुणावर खडूच्या रेघोट्या. खसखसून पुसल्या होत्या. अंघोळ घालून तलवारीच्या पंगतीला बसवल्या होत्या. आणि ही सकाळपासून रांगेत वाकून शोधत होती ती लबाडीची जागा नव्हती, ती आपल्या फुलीची जागा शोधत होती. आणि तोंड उघडून मिटलं ते एवढ्यासाठी, की उघडलं असतं तर सासूचं नाव घ्यावं लागलं असतं. अजूनही घेत नाही. गिऱ्हाईक चाललंय, पादऱ्याची शेतं चाललीत, आणि ही मोज्याचं बोट सरळ करतेय. उदयसिंहरावांची घोडी हिवाळाभर दारात उभी होती. तेव्हा खिडकीतल्या नवरीला काय वाटलं होतं ते चिमणाबाईंना आता, इतक्या वर्षांनी, अचानक आठवलं. तिला वाटलं होतं, ह्या घरात आपण बरोबर पडलो.

जशुभाई टेम्पोचं फळकं वर लावायला लागला होता.

"थांब रे, पटेल," त्या म्हणाल्या. आत गेल्या, करंडा घेऊन आल्या, ओल्या बोटानं कुंकू घेतलं आणि खाली वाकून पहिल्या बॅटरीच्या बुडाला लावलं, चारी कोपऱ्यांना. मग दुसरीच्या. जशुभाईनं दसऱ्याचा विधी समजून टोपी सारखी केली आणि हात जोडले. भक्तीनं जोडले नाहीत. ती सासूच्या बोटाकडे बघत होती. कंबर मोडून निघाली तरी चिमणाबाईंनी एकही कोपरा सोडला नाही. शेवटची झाल्यावर त्या ओट्याच्या कडेला टेकल्या. "आता गप्प बसा. बघा."

 चार्जर तेवढा गुंगुं करत होता. लाइनीकडून गाडी गेल्याचा आवाज आला, गेला. जलेबीचा वास, तापल्या खिळ्याचा वास. भक्ती उकिडवी बसली, तिच्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून तो पोटवाला पटेलही बसला, आणि तिघं त्या काळ्या डब्यांच्या तळाकडे अशी बघत राहिली, जशी मुलं मुंगळ्यांच्या बिळाशी बसतात. मग एका कोपऱ्यातला लाल ठिपका कडेनं मळका झाला, नारिंगी झाला, आणि शेवंतीसारखा पिवळा होऊन खाली ओघळला.

"अरे बा! आ तो जादू!"

"जादू कसली? लिंबू आहे पोटात तिच्या," चिमणाबाई म्हणाल्या. त्यांनी जशुभाईचं मनगट धरलं आणि त्याचं बोट त्या पिवळ्यावर नेऊन टेकवलं. "इथं आहे बघ खोड. ही द्यायची नाही. बाकीच्या उचल. आणि बोट धुऊन घे, नाहीतर जलेबी आंबट लागेल."

बोट धुऊन, जलेबी खाऊन, बाकीच्या सगळ्या टेम्पोत चढवून जशुभाई निघाला तेव्हा म्हणाला, बॅटरीबरोबर ह्या बालाही पादऱ्याला पाठवा, डुकरं नुसतं तोंड बघूनच पळतील. "तुझं शेत राखायला मी कशाला," चिमणाबाई म्हणाल्या, "तू तारेशेजारी आडवा हो, कुंपण लागायचं नाही." त्याचं हसणं टेम्पोबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलं.

शेडमध्ये ती फुटकी बॅटरी एकच उरली. भक्तीनं तिच्याखाली सोडा पसरला, तो फसफसला. चिमणाबाईंना त्या फसफसण्यातही लक्ष घालावंसं वाटलं, हे काय नि का म्हणून विचारावंसं वाटलं, पण ते उद्यावर ठेवलं. भक्ती हात धुऊन आली, आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवून वाकली आणि वाकलेलीच राहिली, आता काय पडतंय पाठीवर त्याची वाट बघत. चिमणाबाईंनी पान मुठीत धरलं. दोरीवरच्या फडक्याकडे एकदा बघितलं.

"भक्ती," त्या म्हणाल्या, "खडूनं खूण करणारी बाई अर्धवट असते. ह्या घरात पुसणारे हात आहेत, आणि ते मरेपर्यंत पुसणार. पुढच्या खेपेला खिळा घे, आणि असा ओरखडा काढ की तुझ्या सासूच्या बापालाही पुसता यायचा नाही."